पेशींचं हळदीकुंकू

विळीवर कैरी फोडताना बोट कापलं की आपण ते नळाखाली धरतो, हळद दाबतो, चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कैरीच्या मागे लागतो. चार दिवसांनी खपली धरते, आठ-दहा दिवसांनी खूण शोधावी लागते. जखम भरून येते याचं नवल सगळ्यांनाच वाटतं. मला मात्र नवल वाटतं ते ती भरून आल्यावर थांबते याचं. कातडीच्या पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होत खड्डा बुजवतात आणि कडेला कड लागली की गप्प बसतात. बोटावर दुसरं बोट उगवत नाही. त्यांना ‘वाढा’ असं कोण सांगतं, आणि ‘आता पुरे’ असं कोण सांगतं?

हा प्रश्न मला साठीच्या उंबरठ्यावर पडायचं काही कारण नव्हतं. माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. माहेर कारंजा लाडचं, सासर धारचं. आमच्या यांच्या पणजोबांनी पवारांच्या संस्थानात कारकुनी धरली आणि घर माळव्यातच रुजलं. घरात मराठी, अंगणात माळवी, बाजारात हिंदी, असं आमचं तिन्ही त्रिकाळ चालतं. पेशीबिशी आमच्या वाटेला कशाला येतील? पण २०१६ साली थोरल्या जाऊबाईंच्या नावाचा एक कागद घरात आला आणि त्यावरची चार अक्षरं समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. त्यांना आम्ही सगळे जीजी म्हणतो.

कागदावर होतं: ‘एचईआर-टू, थ्री प्लस’.

थ्री प्लस म्हणजे परीक्षेत मिळतात तसे जास्तीचे गुण असावेत, असं आमच्या धाकट्या दिरांना वाटलं. जीजींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. म्हणाल्या, “तू वाचत असतेस ना गं सारखी? मग हे वाच. मला हिंदीत नको, इंग्रजीत नको. आपल्या भाषेत सांग, हे काय झालंय मला.”

तर त्यांना जे सांगितलं, आणि नंतर त्यात जी भर पडत गेली, ते इथे लिहिते आहे. आपल्यातल्या किती जणींच्या हातात असे कागद पडतात! कागद घडी करून उशीखाली जातो, आणि त्यात काय लिहिलं आहे ते घरातल्या पुरुषांनाही धड ठाऊक नसतं.

सुरुवात उंदरांपासून करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

अमेरिकेत सेंट लुईस गावच्या विद्यापीठात १९५० नंतरच्या काळात दोन माणसं एकत्र काम करत होती. एक रीटा लेव्ही-मोंतालचिनी, इटलीच्या ट्युरिन शहरातल्या ज्यू बाई. दुसरे स्टॅन्ली कोहेन, रसायनाचे जाणकार. रीटाबाईंची गोष्ट तर आपण बायकांनी पोरींना सांगावी अशी आहे. मुसोलिनीने १९३८ साली ज्यूंना विद्यापीठातून बाहेर काढलं, तेव्हा या बाईंनी आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. हत्यारं कुठून आणणार? शिवणाच्या सुया घासून घासून धारदार केल्या आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या नसा तपासत बसल्या. अंड्याचं नाव काढताच जीजींनी नाक मुरडलं, ते मी पाहिलं. पण सुयांचं ऐकून त्या पुढे सरकून बसल्या. त्या स्वतः क्रोशाच्या सुईवाल्या.

रीटाबाईंना एक पदार्थ सापडला होता, नसांना वाढायला लावणारा. तो कुठे मिळतो हे शोधताना कोहेननी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क काढून उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला. एरवी पिल्लांचे डोळे उघडायला बारा-चौदा दिवस लागतात. ही पिल्लं सात दिवसांतच टकाटका बघायला लागली! दातही लवकर फुटले. दुसऱ्या एखाद्याने ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं असतं. कोहेननी सोडलं नाही. डोळे लवकर उघडले म्हणजे पापणीची कातडी लवकर तयार झाली. म्हणजे कातडीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं या अर्कात वेगळंच काहीतरी आहे, असं त्यांनी ताडलं. तो पदार्थ म्हणजे एक इवलंसं प्रोटीन, अवघ्या ५३ मण्यांची माळ. त्याला नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे कातडी वाढवणारा घटक. दोघांना १९८६ साली नोबेल मिळालं. रीटाबाई पुढे १०३ वर्षं जगल्या.

हे ग्रोथ फॅक्टर म्हणजे निरोप. बोट कापलं की रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्या, प्लेटलेट, तिथे गोळा होऊन फुटतात आणि असेच निरोप ओततात. पण निरोप आला तरी तो घेणारं कुणी दारात हवं ना! पेशीला भिंत असते, निरोप्या आत जात नाही. म्हणून पेशीच्या भिंतीतून आरपार गेलेली एकेक प्रोटीनं असतात. त्यांचं डोकं बाहेर, कंबर भिंतीत आणि पाय आत. त्यांनाच रिसेप्टर म्हणतात. आमच्या जुन्या वाड्यात दिंडीपाशी गडी बसायचा तसे. फक्त हा गडी उठून आत जात नाही. बसल्या जागेवरूनच आत कळवतो.

कसं कळवतो, तिथे मी बरेच दिवस अडखळले. मुलाने इंटरनेटवर चित्रं काढून दाखवली, त्यांत बाणच बाण! मग एकदा संक्रांतीच्या दिवसांत, आमच्या महाराष्ट्रीय बायकांच्या हळदीकुंकवाला बसले असताना, माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

रिसेप्टर एकटा असला की काही करू शकत नाही. त्याचे हात पोटाशी मिटलेले असतात. निरोप येऊन डोक्याशी चिकटला की हात उघडतात. शेजारी तसाच दुसरा, हात उघडलेला, भेटला की दोघांची जोडी जमते. आणि जोडी जमली की आतल्या बाजूला त्या दोघी एकमेकींना टिकली लावतात. स्वतःची स्वतःला नाही हं, एकीने दुसरीला, दुसरीने पहिलीला. अगदी हळदीकुंकवासारखं! ही टिकली म्हणजे फॉस्फेट नावाचा छोटा कण. टिकली लागली की आतली मंडळी ओळखतात, दारात पाहुणी आली, खरंच आली. मग कुजबुज सुरू होते. टिकलीपाशी एक येऊन बसतो, तो रास नावाच्या खटक्याला जागं करतो, रास रॅफला उठवतो, रॅफ पुढच्याला, तो आणखी पुढच्याला. प्रत्येक जण पुढच्याला टिकली लावत जातो, की शेवटचा निरोप पेशीच्या माजघरात, केंद्रकात पोचतो. तिथे गुणसूत्रांच्या पोथ्या असतात. त्यांतलं हवं ते पान उघडलं जातं, पेशी आपल्या पोथ्यांची नक्कल करते आणि मग मधोमध दुभंगून एकीच्या दोघी होतात.

आणि तेवढंच महत्त्वाचं, टिकल्या पुसणारेही आत असतात. त्यांचं कामच ते. शिवाय निरोप घेतलेला रिसेप्टर पेशी आत ओढून घेते आणि बहुतेक वेळा मोडून टाकते. म्हणून निरोप थोडा वेळच वाजतो. हळदीकुंकू संध्याकाळी दोन तासांचं असतं, वर्षभराचं नसतं, तसं. (एक गोष्ट मात्र पेशींची मला आवडली. तिथे सवाष्ण कोण आणि कोण नाही, हे कुणी विचारत नाही. माझ्या सासूबाई पांढऱ्या पातळात आतल्या खोलीत बसून राहायच्या, आणि बाहेर आम्ही ओट्या भरायचो. मी सून होऊन आले तेव्हा ते खटकायचं, बोलायचं धाडस नव्हतं. आता आमच्या गल्लीत ते चालू देत नाही.)

तर जीजींचा एचईआर-टू हा या रिसेप्टरांच्या चार भावंडांपैकी दुसरा. पण हा जरा न्यारा आहे. याला निरोप देणारा कुणी आजवर सापडलेला नाही. याचे हात कायमच उघडे! आमंत्रणाची वाट न बघता तबक घेऊन तयार. इतर भावंडांना निरोप आला की ती याच्याशी जोडी जमवतात, कारण हा तयारच असतो. शरीराला याचा उपयोग आहे, आईच्या पोटात बाळाचं हृदय घडताना हा नसेल तर घडत नाही. पण संख्या प्रमाणात हवी. साध्या पेशीवर हे वीसेक हजार असतात. काही स्तनांच्या गाठींत सतराव्या गुणसूत्रावरचं याचं जनुक चुकून पुन्हा पुन्हा नकललं जातं, दोनाऐवजी दहा-वीस प्रती होतात, आणि मग पेशीवर हे रिसेप्टर वीस लाखांपर्यंत जातात. इतक्या गर्दीत निरोपाची गरजच काय? हात उघडेच आहेत, शेजारणी खेटून उभ्या आहेत, टिकल्या लागतच राहतात. माजघरात सारखं ‘पाहुणी आली, पाहुणी आली’. पेशी दुभंगत राहते. पुसणारे थकतात.

थ्री प्लस म्हणजे ही गर्दी. गाठीच्या चकतीवर एक खास रंग टाकतात, तो या रिसेप्टरांना जाऊन चिकटतो. शून्य आणि एक म्हणजे गर्दी नाही. तीन म्हणजे पेशीभोवती गडद कडं, गर्दी नक्की. दोन म्हणजे सांगता येत नाही, मग फिश नावाची दुसरी तपासणी करून जनुकाच्या प्रती मोजतात. दर शंभर स्तनांच्या कर्करोगांत साधारण पंधरा ते वीस या गर्दीवाल्या असतात.

जीजींनी सगळं ऐकलं. त्यांना एका गोष्टीचं मुळीच नवल वाटलं नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेत इतकं काही चालतं याचं. पाणी गाळून पिणारं घर आमचं. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या कंदात अनंत जीव असतात हे त्यांनी पाळण्यात ऐकलेलं. उलट मीच शिकलेली असून थक्क झाले होते.

या कागदापर्यंत पोचण्याची कथा वेगळीच. ती सांगते, कारण ती कुणावरही येऊ शकते. गाठ प्रथम आमच्याच गावी एका छोट्या दवाखान्यात काढली. गाठ काढल्यावर ती फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवायची असते, निदान सहा तास, फार तर बहात्तर. इथे ती सलाईनच्या पाण्यात, प्लास्टिकच्या डबीत, दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिली. सलाईनमध्ये गाठ सडायला लागते, रिसेप्टर विरतात. इंदूरच्या प्रयोगशाळेने सरळ लिहून दिलं, नमुना तपासण्याजोगा नाही. मग काखेतल्या गाठीतून सुईने पुन्हा नमुना घ्यावा लागला. तीन आठवडे गेले. दोन रुपयांच्या औषधापायी! दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण तुमच्यावर वेळ आलीच तर घरच्या माणसाला दाराशी उभं करा आणि विचारायला लावा, “गाठ फॉर्मॅलिनमध्ये घातली का? किती वाजता घातली?” आणि मेणाचा ठोकळा, ब्लॉक म्हणतात तो, मागून घ्या. पुढे कुठेही तपासणी करायची तर तोच लागतो.

औषधाचं नाव ट्रास्टुझुमॅब. या नावाशी जीजींचं कधी जमलं नाही, त्या ‘तुझं-माझं’ म्हणायच्या. “आज माझी तुझं-माझंची पाळी.”

त्याच्या शोधात आपल्याकडच्या एका माणसाचा हात लागलेला आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. मुंबईहून गेलेले लक्ष्मीचरण पाढी अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी १९८२ साली उंदराच्या गाठीतून हाच रिसेप्टर शोधून काढला. तिथे त्याचं नाव ‘न्यू’ पडलं. रिसेप्टर पेशीच्या बाहेर डोकं काढून बसलेला, म्हणजे बाहेरून औषधाने गाठता येण्यासारखा. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि पान उलटलं गेलं. पुढे जेनेन्टेक कंपनीतल्या आक्सेल उलरिख यांना माणसातला तोच रिसेप्टर सापडला. लॉस एंजेलिसचे डॉक्टर डेनिस स्लॅमन यांच्याकडे शेकडो गाठी शीतकपाटात जपलेल्या होत्या. दोघांनी आपापलं एकत्र केलं. स्तनांच्या १८९ गाठींचा हिशोब १९८७ साली छापून आला: ज्यांत एचईआर-टूच्या प्रती जास्त, त्या बायकांचा रोग लवकर उलटतो. तोपर्यंत ‘थ्री प्लस’ ही खरोखरच वाईट बातमी होती.

मग उंदरात एक अँटिबॉडी तयार केली, जी या रिसेप्टरच्या डोक्याला जाऊन घट्ट चिकटते. ती चिकटली की जोडी नीट जमत नाही, टिकल्या लागणं मंदावतं. शिवाय शरीरातल्या पहारेकरी पेशींना खूण पटते की हिला धरा. पण उंदराची अँटिबॉडी माणसाच्या अंगाला सोसत नाही. म्हणून तिचं चिकटणारं टोक तेवढं ठेवलं आणि बाकीचं अंग माणसाच्या अँटिबॉडीचं बसवलं. उंदराला माणसाळवलं म्हणा ना! अमेरिकेत १९९८ साली ते औषध बाजारात आलं. त्याआधी १९९४ मध्ये तिथल्या आजारी बायका औषध मागत कंपनीच्या आवारात गाड्या घेऊन शिरल्या होत्या, भोंगे वाजवत. ते वाचताना मला आमच्याकडच्या बायकांची आठवण झाली. आमच्याकडे भोंगा वाजवायचं राहू द्या, छातीला गाठ आहे हे सख्ख्या बहिणीला सांगायला सहा महिने लागतात.

आपल्याकडे २०१३ च्या नोव्हेंबरात बंगळूरच्या बायोकॉनने केलेल्या त्याच तऱ्हेच्या औषधाला परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी ते बाजारात आलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्या सरकारनेही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ट्रास्टुझुमॅब घातलं. जीजींची वेळ आली ती त्यानंतर, हे त्यांचं नशीब. तरी स्वस्त कुठलं? घाटाबिल्लोदच्या बाजूची वीतभर जमीन विकावी लागली. मोठ्या भाऊजींनी ती विकली आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. एवढं मी त्यांच्याबद्दल लिहून ठेवते, एरवी आमचं फारसं पटत नाही.

पण पैशाआधी एक वेगळाच पेच पडला. जीजींनी मला विचारलं, “हे बनतं कशातून? कुणाचा जीव जातो का त्यात?”

मी खोटं बोलू शकले असते. मुलगा म्हणालाही, “काकू, कारखान्यात बनतं म्हणून सांग ना, झालं.” पण बाई स्वतःच्या अंगात जे घालून घेणार, त्याबद्दल तिला खरं कळायला नको? मी जे वाचलं ते सांगितलं. चिनी हॅमस्टर नावाचा उंदराच्या जातीचा छोटा प्राणी असतो. १९५७ साली थिओडोर पक नावाच्या शास्त्रज्ञाने एका मादीच्या अंडाशयातल्या पेशी काढून काचेच्या भांड्यात वाढवल्या. त्या पेशी तेव्हापासून दुभंगतच आहेत. जगभर मोठमोठ्या पोलादी टाक्यांत त्यांचीच वाण वाढवतात आणि त्या हे प्रोटीन तयार करून देतात. दर बाटलीमागे नवा प्राणी मारत नाहीत. पण मुळात ती एक होती. आणि औषध तयार होईतो प्रयोगांत कितीतरी उंदीर गेले, हेही खरं.

जीजी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. सामायिक जरा लांबलं. सूर्यास्तापूर्वीचं जेवण अर्धंच राहिलं. माताजींना विचारावं का, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, “त्यांना कशाला पेचात घालू? त्यांनी हो म्हटलं तर त्यांना दोष, नाही म्हटलं तर मला मरण.” तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी गाळता गाळता म्हणाल्या, “घेते मी. पण फुकट नाही घ्यायची.” आणि दर पाळीला इंदूरला निघण्याआधी देवळातल्या जीवदयेच्या पेटीत पाचशे रुपये टाकायच्या. सतरा वेळा टाकले. उंदरीणबाईचे, असं म्हणायच्या. त्यांच्या या हिशोबाला कुणी हसेल, कुणी कपाळाला आठ्या घालील. मला तो पटला. आजही पटतो.

दर तीन आठवड्यांनी एक, असं वर्षभर ते औषध चालतं. पहिल्यांदा जास्त, मग कमी, वजनावर बेतलेलं. आम्ही पहाटेची बस धरायचो, गंगवाल बसस्टँडला उतरायचो, तिथून रिक्षा. उकळलेल्या पाण्याची तांब्याची लोटी जीजींच्या मांडीवर. परत येताना उशीर झाला की बेटमा मागे पडेपर्यंत त्यांचं लक्ष खिडकीबाहेर, सूर्य किती वर आहे ते बघायला. मग डबा उघडायच्या आणि धावत्या बसमध्ये दोन खाकरे, लोणच्याचा खार. केस गेले ते या औषधाने नाही, आधीच्या किमोथेरपीने. किमो कुठल्याही दुभंगणाऱ्या पेशीवर तुटून पडते, मग ती केसाच्या मुळाची असो की आतड्याची. हे औषध त्या मानाने डोळस. पण त्याचीही एक खोड आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. हृदयाच्या पेशी दुभंगत नाहीत, तरी त्यांच्यावर एचईआर-टू असतो. तिथे त्याचा निरोप ‘वाढ’ असा नसतो, ‘तग धर’ असा असतो. औषधाने तो निरोप अडला की काही जणींचं हृदय मंदावतं. म्हणून दर तीन महिन्यांनी एको करायचा. जीजींचा नवव्या पाळीनंतर आकडा खाली आला, सहा आठवडे औषध थांबवलं, पुन्हा वर आला, पुन्हा सुरू केलं. त्या सहा आठवड्यांत घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

या सगळ्याहून मला जास्त लागलं ते दुसरंच. आमच्या पुतणीचं, जीजींच्या मुलीचं, तेव्हा लग्न ठरत होतं. रतलामकडची मंडळी. पत्रिका बघून झाली होती, साखरपुड्याचा हॉल बघत होतो. आजाराची बातमी फुटली आणि आठवड्यात फोन आला, गुरुजींनी पत्रिका परत बघितली, नाडी जुळत नाही. आमच्या समाजात असं तोंडावर कुणी बोलत नाही, नाडीच बोलते. “घराण्यात आहे,” हे नंतर एका मुंजीत माझ्या कानावर आलं.

आता हे नीट ऐका. एचईआर-टूच्या त्या जास्तीच्या प्रती जीजींना त्यांच्या आईकडून मिळालेल्या नव्हत्या आणि त्यांनी त्या मुलीला दिलेल्या नाहीत. त्या त्या एका गाठीत, त्या एका पेशीत, पन्नाशीनंतर घडलेल्या नकलेच्या चुका. जीजींच्या हाताच्या कातडीत बघितलं तर तिथे जनुकाच्या दोनच प्रती, तुमच्याआमच्यासारख्या. घराण्यात येणारे कर्करोग असतात, ते वेगळ्या जनुकांचे, ब्राका म्हणतात त्यांना. त्यांची तपासणी वेगळी, आणि ती कुणी करायची हे डॉक्टर घरातल्या इतर बायकांचा इतिहास विचारून ठरवतात. आईला झाला म्हणून मुलीने जरा लवकर आणि नेमाने तपासून घ्यावं, हेही खरं. पण थ्री प्लसच्या कागदावरून मुलीची पत्रिका नापास करणं, हे त्या सलाईनच्या डबीइतकंच अडाणीपणाचं.

मी हे रतलामला पत्राने लिहायला बसले होते. चांगली चार पानं झाली होती. पुतणीने ती वाचली आणि म्हणाली, “काकू, छान लिहिलंय. पण ह्यांना नको पाठवू. ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी ठेव.” त्यातलीच पानं वर आली आहेत, थोडी फिरवून.

तसं बघितलं तर माळव्याला बाहेरून आलेल्या औषधाचा अनुभव जुना आहे. आमच्या शेजारच्या देवासला कुमार गंधर्व १९४८ साली आले ते क्षयाने खचून, हवा मानवेल म्हणून. हवा मानवली असेलही. पण पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि त्या एका फुप्फुसावर ते नंतर चाळीस वर्षं गायले. माझ्या सासूबाई सांगायच्या, तेव्हा क्षय झालेल्या घरात कुणी सोयरीक करत नसे. तिथेही ‘घराण्यात आहे’ असंच म्हणायचे. क्षय जंतूचा, संसर्गाचा. घराण्याचा त्यात काय संबंध? पण शब्द तोच, वापरायला सोपा.

जीजींना औषध संपून आता बरीच वर्षं झाली. डाव्या हाताला सूज येते, जड बादली उचलू देत नाही आम्ही. त्या उचलतात. मुन्ज तलावाच्या कडेने सकाळी फिरायला जातात, सोबत गल्लीतल्या दोघी-तिघी असतात. त्यातल्या एकीने मागच्या पावसाळ्यात चालता चालताच हळू आवाजात सांगितलं, काखेत काहीतरी लागतंय, कुणाला बोलले नाही. जीजी तिथेच थांबल्या. घरी आल्या त्या तिला सोबत घेऊनच. मला हाक मारली आणि म्हणाल्या, “चप्पल घाल. आणि तो फॉर्मॅलिनचा शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे हिला.”